चारशे शहाण्णवनंतर पस्तीस

दि. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. सोबत माझं मागचं पत्रही परत आलं, नेहमीसारखं लाल शाईने रंगून. छप्पन्न वर्षांचा झालो, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी तू माझे ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाहीस. बायको म्हणते, तुमच्या घरात पत्र येत नाही, पेपर तपासून येतो. पण तुला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा सोसणं आलं.

इथे सगळी धावपळ पाटीची. मागे लिहिलं होतं ना, कारखान्याच्या गेटवर मोठी पाटी आहे, ‘इंजरीशिवाय गेलेले दिवस’. रोज सकाळी पावणेसातला स्टुलावर चढून पत्र्याचे आकडे मीच हुकांना लटकवतो. सेफ्टी क्लार्कचं हे मुख्य काम, बाकी नुसते कागद. आज ४६५ लावला. १८ एप्रिलला पाचशे होतील. मुख्य ऑफिसातून मोठे साहेब येणार आहेत, आणि मला चक्क त्यांच्या शेजारी खुर्ची आहे. तीस वर्षांत मी व्यासपीठ फक्त झाडून घेतलंय.

तुझा चिमण एकतीस वर्षांचा घोडा झाला तरी त्याचा पोरखेळ जात नाही. रोज गेटातून आत येताना ओरडतो, “मामा, आज किती?” पाटी हातभर अंतरावर, आकडे वीतभर उंच, तरी मी मोठ्याने सांगितल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. मागे रांग खोळंबते आणि सगळे हसतात.

आता एक काम. ११ तारखेला बाटल्या धुण्याच्या विभागात एका कामगाराच्या डोळ्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं. बाटलीतला चिकटा काढायला ते गरम करून वापरतात. माणूस दुसऱ्याच दिवशी हजर झाला आणि खुर्चीत बसून हलकं काम करतोय. मुख्य ऑफिसच्या पुस्तकात लिहिलंय की माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकला नाही तरच ती इंजरी. म्हणून साहेब म्हणतात, तो शब्द नको. मग कुठला लिहायचा? मला सुचत नाही. रिपोर्टचा कच्चा कागद सोबत जोडतो. नाव काळं केलंय, तसा नियम आहे. तू चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, एवढा तपासून दे.

चिमण सध्या माझ्याच ऑफिसात, माझ्या समोरच बसतो. त्याचं पत्र लांबलं तर काळजी करू नकोस.

लोभ वाढव असं म्हणत नाही, मार्क थोडे वाढव.

तुझा,
भाऊ

---

दि. १८ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

रिपोर्ट वाचला. एका पानात अकरा चुका. वर्गात असतास तर बाकावर उभं केलं असतं.

आधी शब्द समजून घे, नुसते चिकटवू नकोस. मी मुलांना असं सांगायची. खुर्चीचा पाय मोडला तर ते डॅमेज. खुर्चीवरून पडून मुलाचा पाय मोडला तर ती इंजरी. तो पडला म्हणून बाकीचे हसले तर त्याला वाटतं ते हर्ट. आणि त्या हसण्यामुळे तो पुन्हा कधी वर्गात हात वर करेनासा झाला तर ते हार्म. तू लिहिलंयस की कामगाराच्या डोळ्याला ‘डॅमेज’ झालं. अरे, तो माणूस आहे, टेबल नव्हे. खोडलं.

इंजरी हा जड शब्द आहे. डॉक्टर, पोलीस आणि कोर्ट या तिघांच्या तोंडी शोभतो. तुझा माणूस दुसऱ्या सकाळी आपल्या पायांनी कामावर आलाय, मग तुझे साहेब म्हणतात ते भाषेच्या दृष्टीने अगदीच चूक नाही. तिथे ‘स्लाइट इरिटेशन’ घातलंय. शेवटचं वाक्य फार गुळमुळीत होतं, दहा शब्द खर्चून काहीच न सांगणारं. ते मी नव्याने लिहिलंय, की या घटनेत कोणालाही कसलीही इंजरी झालेली नाही. इंग्रजी ठाम लिहावं, नाहीतर लिहूच नये.

बऱ्याच दिवसांनी लाल पेन मनासारखं चाललं. खरं सांगते, बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून तुझ्या पत्रांशिवाय तपासायला काही उरलेलं नाही.

त्या माणसाला मात्र चांगल्या डॉक्टरकडे दाखवा. वय एकतीस लिहिलंयस, म्हणजे आपल्या चिमणच्या बरोबरीचा. त्याच्या घरी कळवलंत ना? आणि आमच्या चिमणसाहेबांना सांग, मामासमोर बसून झोपा काढण्यापेक्षा आईला चार ओळी खरड.

तुझे दात कसे आहेत? पाचशेच्या समारंभात हसायचंय, आधीच काढून घेऊ नकोस.

तुझी,
ताई

---

दि. २ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

समोर बोलायला येतो तेव्हा तुम्ही कागद चाळायला लागता, म्हणून लिहितो. एका डोळ्याने लिहितोय. ओळी घसरल्या तर चालवून घ्या, आईच्या हाती हा कागद जायचा नाही.

मामा, ११ तारखेला टाकीची झडप उडाली तेव्हा भिंतीवरची डोळे धुण्याची बाटली रिकामी होती. नळावर दोन मिनिटं डोळा धुतला. कारखान्याच्या डॉक्टरांनी थेंब घातले, पट्टी बांधली आणि लिहिलं, काही विशेष नाही. रात्रभर डोळ्यात निखारा ठेवल्यासारखं होत होतं. सकाळी साडेसहाला तुम्ही गाडी घेऊन माझ्या खोलीवर आलात. मला वाटलं, दवाखान्यात नेताय. तुम्ही दंडाला धरून मला गेटातून आत नेलंत. त्या दिवशी मी काही विचारलं नाही, तरी तुम्हीच हळू आवाजात म्हणालात, चारशे त्रेसष्ट.

नऊ दिवस त्या खुर्चीत बसलो. वर ट्यूबलाइट, खाली मी. हजेरी लागली की तुमचा दिवस वाचायचा. दहाव्या दिवशी साहेब म्हणाले, आता स्वतःची रजा टाक आणि घरी पड. पहिल्याच दिवशी मोठ्या नेत्र रुग्णालयात गेलो असतो तर, असं आता तिथले डॉक्टर रोज म्हणतात. बुबुळ पांढरं होत चाललंय. ऑपरेशन लवकर झालं तर डोळा वाचू शकेल, उशीर झाला तर नाही, इतकं सरळ सांगितलं त्यांनी.

कारखान्यातल्या अपघाताचा माणूस ते त्याच दिवशी दाखल करून घेतात. पण कागदावर तसं लिहिलेलं पाहिजे. खिडकीवरच्या बाईंनी तुमचा रिपोर्ट मागवला आणि मला वाचून दाखवला, कोणालाही कसलीही इंजरी झालेली नाही. मग म्हणाल्या, साध्या रांगेतून तुमचा नंबर जुलैत लागेल. मी पट्टी बांधून त्यांच्यासमोर उभा होतो. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्या तरी काय करणार.

मामा, तो एक कागद बदला. एवढंच मागतोय.

अजून एक. तुमच्या ऑफिसात मला फायली लावायला दिल्या होत्यात. त्यात तो कच्चा कागद सापडला. ते वाक्य लाल शाईत आहे. आईचं अक्षर मी कुठेही ओळखेन. तुम्ही नाव काळं करून तिच्याकडून लिहून घेतलंत. हे तिला कधीही कळू देऊ नका. डोळ्याचं मी सावकाश सांगेन, पण हे नको. ती पुन्हा पेन हातात धरायची नाही.

मामींना नमस्कार. वाट पाहतो.

तुमचा,
चिमण

---

दि. ४ एप्रिल

चि. चिमणला,
अ. आ.

पत्र वाचलं. तुला काय वाटतं, मला झोप लागते?

पण जरा माझ्या बाजूनेही बघ. आज ४८६ झाले. चौदाच दिवस राहिलेत. दोनशे माणसं दीड वर्ष जपून वागली तेव्हा हा आकडा दिसतोय. आता मी उठून लिहून दिलं की महिनाभरापूर्वी इंजरी झाली होती आणि मी लपवली, तर साहेबांचं जाईल, माझं जाईल आणि तुझंही राहील असं नाही. तुला इथे लावताना मी कोणाकोणाचे पाय धरले होते ते तुला माहीत आहे.

समारंभ होऊन जाऊ दे. १९ तारखेला सकाळी पहिलं काम तुझ्या कागदाचं, माझा शब्द आहे. साहेबही नाही म्हणणार नाहीत. एवढे दिवस काढलेस, अजून पंधरा काढ. थेंब वेळेवर घाल, उन्हात जाऊ नकोस. सोबत काळा चष्मा पाठवतो, चांगल्या दुकानातला आहे.

ताईला मी काही बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. तूही उगाच हळवं काही लिहू नकोस तिला. साधं खुशालीचं लिही.

तुझा,
मामा

---

दि. १२ एप्रिल

भाऊस,

वर नेहमीचे आशीर्वाद घातलेले नाहीत. विसरले नाही.

चिमणचं खुशालीचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. सात ओळी. सगळं छान आहे, काम जोरात आहे. पण प्रत्येक ओळ उजवीकडे खाली उतरत गेलेली, आणि दोन शब्द कागदाची कड ओलांडून अर्धेच राहिलेले. चौतीस वर्षं वह्या तपासल्या मी. कोणत्या मुलाला फळा दिसत नाही हे त्याच्या आईबापांच्या आधी मला कळायचं. दुसऱ्या दिवशीची बस धरली.

दार त्याने उघडलं. तू दिलेला चष्मा लावून होता. खोलीत, दुपारी, पडदे ओढून. मी तो काढायला लावला. पुढचं लिहीत नाही, तू नऊ दिवस समोर बसून पाहिलंयस.

तो मला सांगत होता, ओरडून, कारण माझे कान असे. ११ मार्च. बाटल्या धुण्याचा विभाग. डावा डोळा. आणि मला हे सगळं आधीच पाठ होतं. मी वाचलं होतं. वय एकतीस, चिमणच्या बरोबरीचा, असं मी तुला लिहिलंसुद्धा, आणि पुढच्या ओळीतली चूक काढायला गेले. त्याने मला काही सांगितलं नाही. रिपोर्ट इंग्रजीत कोणी लिहिला असं मी विचारलं तेव्हा तो पाणी आणायला उठला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. त्या बाजूचं त्याला दिसत नाही. त्यावरून मला समजलं, की त्यालाही माहीत आहे.

भाऊ, पोटच्या पोराला काही झालेलं नाही, असं मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. आणि वर लिहिलं, बरं वाटलं.

तू मला शब्द विचारलास आणि मी तुला अर्धाच सांगितला. इंजरी हा शब्द मूळचा लॅटिन. त्यातला पुढचा भाग न्यायाचा आहे, आणि आधी जोडलेला ‘इन’ म्हणजे नाही. जिथे न्याय झाला नाही ती इंजरी. नुसतं लागणं नव्हे, कोणीतरी कोणावर केलेला अन्याय. मुलांना हे परीक्षेत येत नाही म्हणून मी कधी शिकवलं नाही. तुलाही कामाचं वाटलं नसतं. दुसऱ्या दिवशी माणूस कामावर आला की नाही, याचा त्या शब्दाशी काही संबंध नाही. त्याला दंडाला धरून आणणारा कोण होता, याचा आहे.

सोबत नवा रिपोर्ट आहे. मी लिहिलाय, काळ्या शाईत. रिकामी बाटली, दोन मिनिटं, गाडी, खुर्ची, सगळं आहे. नाव पूर्ण आहे. खाली फक्त तुझी सही पाहिजे. मी इथेच त्याच्या खोलीवर थांबलेय. सही केलेला कागद १६ तारखेपर्यंत रुग्णालयाच्या खिडकीवर पोचला नाही तर १८ तारखेला मी तुमच्या समारंभाला येईन आणि मोठ्या साहेबांना तुझ्या जुन्या रिपोर्टमधलं लाल वाक्य वाचून दाखवीन. बहिरी आहे, मला मध्येच कोणी थांबवू शकणार नाही.

ताई

---

दि. १७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कागद १४ तारखेला मिळाला. मी तो संध्याकाळपर्यंत खिशात ठेवला. खोटं कशाला लिहू, फाडायचाही विचार आला. डोळे धुण्याची ती बाटली भरलेली आहे का, हे मीच दर सोमवारी तपासायचं असतं आणि मीच वहीत बरोबर अशी खूण करायचो, न बघता. हे तुझ्या कागदावर नव्हतं. ते मी खाली माझ्या हाताने लिहिलं आणि सही केली. १५ ला सकाळी सहा वाजता रुग्णालयाची खिडकी उघडायच्या आधी मी तिथे उभा होतो.

कागद देऊन तिथून गेटवर आलो. ४९७ लावायचे होते. स्टुलावर चढलो आणि हातातले पत्रे बघत बसलो. खाली रखवालदार म्हणाला, काका, उशीर होतोय. ११ मार्चपासून मोजले तर पस्तीस दिवस होत होते. मी शून्य, तीन आणि पाच लावले.

सात वाजता माणसं यायला लागली. रोजच्यासारखी मान वर करायची आणि थांबायची. बोटांवर उलटे दिवस मोजत उभे राहिले सगळे. बाटल्या धुण्याच्या विभागातल्या लोकांची बोटं सगळ्यांत आधी थांबली. मग एकेक जण माझ्याकडे बघून आत गेला.

साहेबांनी मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. समारंभ रद्द. माझी चौकशी आहे, पुढे काय होईल माहीत नाही. आकडा परत बदला म्हणाले, पण दोनशे माणसांनी पाहिलेला आकडा आता कोण बदलणार? पाटीचं काम अजून माझ्याकडेच आहे, दुसरं कोणी स्टुलाला हात लावायला तयार नाही. आज ३७ लावला.

काल चिमणला दाखल करून घेतल्याचं रुग्णालयात जाऊन विचारून आलो. वर आलो नाही. तू जिन्यावर बसलेली दिसलीस, तुझी पाठ होती. हाक मारली. तुला ऐकू आली नाही.

मी चुकलो हा शब्द फार छोटा आहे, दुसरा कुठला ते तूच सांग. आणि हे पत्र तपासून परत पाठव, ताई. लाल करून पाठव. सगळं लाल केलंस तरी चालेल.

तुझा,
भाऊ

---

दि. ३ मे

भाऊस,

तुझं पत्र परत पाठवत आहे. तपासलेलं नाही. चुका दिसल्या, खूप आहेत, पण पेन उघडलं नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस आधी आणलं असतं तर. मी त्यांना विचारलं, दहा दिवस म्हणजे नक्की का, की बोलायची पद्धत. म्हणाले, नक्की. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. खिडकीकडे तोंड केलं की तो सांगतो, इथे खिडकी आहे. उजवा चांगला आहे.

मी त्याला घरी घेऊन आलेय. जिना उतरताना डावीकडचा कठडा धरायला शिकतोय. चहा ओतताना कपाच्या बाहेर ओततो आणि हसतो. मला हसता येत नाही. माझी सगळी जुनी लाल पेनं डब्यात होती, ती शाळेच्या शिपायाला देऊन टाकली.

तू शब्द विचारलायस. मला आता शब्द विचारू नकोस. जो मी दिला त्याचं काय झालं ते पाहिलंस. तू शेवटी सही केलीस हेही मी पाहिलं, ते नाही म्हणत नाही. पण ते ४ तारखेला केलं असतंस तर. तुझं त्याला आलेलं पत्र मी वाचलं आहे. चौदाच दिवस राहिलेत, असं लिहिलंयस.

तू माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेल्यावर तुझ्या पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवून घेतलं. तुला आशीर्वाद लिहिणं हा माझा हक्क आहे, पण आज लिहवत नाही. चिमण समोर बसलाय. केव्हापासून सांगतोय, आई, वर अ. आ. लिही. मी म्हटलं, मला जमत नाही, तुला काही लिहायचं असेल तर तू लिही. कागद त्याच्याकडे देते. त्याच्या ओळीही मी तपासणार नाही.

ताई

मामा, सा. न. वि. वि.
आज किती?